मेलेल्यांची साक्ष

आमच्या गावातली चाळीसेक माणसं एका दुपारी मिठागरात मेली आणि संध्याकाळी घरी येऊन सुकट-भाकरी जेवली. पुढचे पाच महिने गावानं दुसरं काही केलं नाही. आपण मेलेले टीव्हीवर कधी दिसणार, याची वाट पाहिली. मालिकेचं नाव मी इथं लिहीत नाही, तिची फुकट जाहिरात मी तेव्हाही केली नव्हती. जुन्या काळातल्या राजेरजवाड्यांची गोष्ट होती, म्हणजे दर दहा मिनिटांनी एक मुंडकं. पनवेलच्या पुलाजवळ तिचा भला मोठा फलक लागला होता. त्यावर चेहरा नव्हता, माणूस नव्हता, नुसती एक तलवार आणि तिच्या टोकाशी रक्ताचा थेंब. कॉलेजला जाताना मी रोज त्या थेंबाकडे बघायची आणि रोज माझं डोकं फिरायचं. मी सतरा वर्षांची होते आणि डोकं फिरवून घ्यायला मला फलकाएवढं कारणही लागत नसे.

गव्हाणच्या अलीकडे खाडीला लागून आमचं गाव. मिठागरं माझ्या जन्माआधीच बंद पडलेली. राहिली होती ती पांढरट, भेगाळलेली सपाट जमीन, मधून मधून बांध आणि चिखलात निवट्या मासे मारणारी पोरं. ज्या जागी आमच्या आजोबांच्या टाचा मिठानं फाटल्या, ती जागा मालिकावाल्यांना जुन्या काळचं ओसाड रणांगण वाटली. तिथं त्यांनी लाकडी कमान उभारली, मांडव घातला आणि गावात हाक दिली की मरायला माणसं हवीत. माझा काका, दामूकाका, सगळ्यांत आधी गेला. तेव्हा विमानतळासाठी डोंगर फोडायचं काम चालू होतं. रोज दुपारी एकच्या सुमाराला सुरुंग उडायचे आणि फडताळातली भांडी एकमेकांवर आपटायची. चित्रीकरणाच्या आधीचे आठ दिवस काका सुरुंगाच्या आवाजाची वाट बघत अंगणात उभा राहायचा. धडाम झालं की छाती धरून, तीन पावलं मागं जाऊन तुळशीपाशी कोसळायचा; ही सवय चित्रीकरण झाल्यावरही सुटली नाही. बाबा बंदरावर पाळीनं कामाला, दुपारी झोपलेले असत. ते खिडकीतून ओरडायचे, "दामू, मेलास तर गपचूप मर!" काका पडल्या पडल्या उत्तर द्यायचा, "दादा, तलवारीनं मरतोय मी, गपचूप मराया काय ताप आलाय मना?"

आणि आई. माझी आई धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात लग्न लावते ती बाई. भटजी येवो न येवो, धवलारणीशिवाय हळदीचं पान हलत नाही. मांडव उभा करण्यापासून नवरीच्या डोक्यावर शेवटचा तांदूळ पडेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, असतो. तो ती गाते आणि मागे बसलेल्या बायका झेलतात. पुस्तक नाही, वही नाही. आईला तो तिच्या मावशीकडून आला. त्यात एकच कायदा, आणि तो आमच्या बाजूला शेंबडं पोरही सांगेल. सुरू केलेला धवला मध्ये सोडायचा नाही. पाऊस येवो, मांडव पडो, नवऱ्याच्या बापाला चक्कर येवो, धवला शेवटाला गेलाच पाहिजे. अर्धा राहिला तर त्या जोडप्याचा संसार अर्धा. मी विज्ञानवादी, माझा यावर तेव्हाही विश्वास नव्हता. पण आई मांडवात बसली की पंचक्रोशीतले नगरसेवक, बिल्डर, गाड्यांच्या चाव्या फिरवणारे जमीनदार चपला काढून मागे उभे राहायचे, हे मी पाहिलं होतं. ती गाताना मला तिचा अभिमान वाटायचा, आणि तो मी कुणाला कळू देत नसे, कारण पत्रकात तो कुठं बसत नव्हता.

पत्रकांचं सांगायला हवं. खांदा कॉलनीत एका इमारतीच्या तळमजल्यावर वैद्यसरांचं वाचनालय होतं. वाचनालय नावाला, तिथं आम्ही दहा-बारा पोरंपोरी जगावर रागवायला जमायचो. सर निवृत्त शिक्षक होते. ते आम्हाला पत्रक लिहायला शिकवत: "आधी आरोप, मग पुरावा, मग मागणी. विशेषण एकच, पण ठासून." पाण्यावर, रस्त्यावर, कॉलेजच्या कँटीनवर, सगळ्यांवर आम्ही पत्रकं काढली. त्याच मालिकावाल्यांच्या आधीच्या मालिकेवर पहिलं पत्रक मीच काढलं: बाई कापलेली दाखवून साबण विकणाऱ्यांनो, लाज बाळगा. ते मत माझं आजही तसंच आहे. रक्त दाखवायला माझी ना नाही, इतिहासात रक्त होतंच. ज्याच्या अंगातून ते गेलं त्याचं घर, त्याची चूल, त्याची वाट बघणारं माणूस न दाखवता नुसतं रक्त दाखवणं, याला मी धंदा म्हणते.

तर अशा माझ्या घरात एका सकाळी आईनं तांदळाच्या भाकरीवर पाणी फिरवता फिरवता सांगितलं की मालिकेत लग्न आहे आणि धवला ती गाणार आहे.

"आये, तिथं मांडवात माणसं कापतात!"

"मंग? मी कापतंय का? मी गातंय."

"त्यांना कसलाही आवाज चालला असता."

"तेच तर. ते कुठलं तरी बाजाचं गानं घालनार व्हते. मीच बोल्ले, लगीन आमच्याकरचं दाखवता तर धवला आमचा घाला. नायतर मांडव उचला." तिनं भाकरी उलटली. "तू येशील बघाया?"

मी गेले नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. त्या दिवशी मी खांदा कॉलनीत बसून कागदाच्या घड्या घालत होते. आयुष्यात मी ज्या काही थोड्या गोष्टींना मुकले, त्यातली ही सगळ्यांत मोठी. त्याला जबाबदार कोण, तर मीच.

मरणाऱ्यांकडून आणि आईकडूनही एका कागदावर सह्या घेतल्या होत्या. कोण मरतं, कसं मरतं हे मालिका दिसेपर्यंत बाहेर सांगायचं नाही. आमच्या गावात कुणाकडे चिंबोऱ्या शिजल्या हे कालवण उतरायच्या आत वेशीपर्यंत पोचतं. त्याच गावानं हे गुपित पाच महिने पोटात ठेवलं. नाभिकाच्या दुकानात बाहेरचं माणूस आलं की मेलेले एकमेकांकडे बघून गप्प व्हायचे. कुणी फारच खोदलं तर सखूवहिनी, आमची शेजारीण, हीसुद्धा मेलेली, म्हणायची, "मी मेल्ये एवढंच सांगतंय. कोनाच्या हातानं, ते इचारू नको." मालिकेची तारीख एकदा पुढं गेली तेव्हा गावात सुतक आल्यासारखं झालं. काकानं दोन दिवस दाढी केली नाही.

मग मालिकेची अर्ध्या मिनिटाची झलक आली. नाभिकाच्या दुकानात सगळे एकाच फोनवर वाकले. काळोख, मशाली, आणि त्यातून माझ्या आईचा आवाज: नवरी बाय माजी निंगाली खाडीपार, हाती घे... आणि तिथंच, 'घे'वर, तलवारीचा आवाज. पुढं शांतता. रक्ताचा तो थेंब. रविवार, संध्याकाळी सात.

दुकानात आरडाओरडा झाला. "जनाबायचा गला! मशालीच्या आधी गला!" एकानं अर्धी झालेली दाढी तशीच ठेवून आमच्या घराकडे धाव घेतली. आईनं फोन हातात घेऊन ऐकलं, परत दिला आणि निवट्या साफ करायला बसली. मला मात्र काही सुचेना. माझ्या आईचं गाणं त्यांनी कोंबडीच्या मानेसारखं मुरगळलं होतं. मी त्याच दुपारी लिहायला बसले. 'धवल्याचा गळा कोणी चिरला?' आधी आरोप. मग पुरावा, आणि तिथं मी लिहिलं: 'आमच्याच धवलारणीला मंगल धवला अर्ध्यावर सोडायला भाग पाडलं.' मग मागणी, जाहीर माफीची. वैद्यसरांनी वाचून विचारलं, "हे अर्ध्यावर सोडायला लावलं, तू पाहिलंस?" मी म्हटलं, "सर, सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं." पाचशे प्रती पनवेलच्या एसटी स्टँडवर, बाजारात, पार कोन गावापर्यंत आम्ही वाटल्या. इतकं चांगलं पत्रक मी तोवर लिहिलं नव्हतं. लोक उभं राहून वाचत होते.

चौथ्या दिवशी कोनहून निरोप आला. तिथल्या हिराआत्याच्या भाचीचं लग्न लावायचं काम आईकडे होतं, सोमवारचं. मालिका दिसणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी. हिराआत्या म्हणजे त्या बाजूचा शब्द. तिनं ज्या धवलारणीला बोलावलं तिला दहा गावं बोलावतात, जिला नाकारलं तिनं मावशीचा वारसा गुंडाळून ठेवावा. निरोप घेऊन आलेला माणूस ओटीवरही बसला नाही. "आमी दुसरी बघताव," म्हणाला. "अर्धा धवला सोडलेला हात नवरीला नको." आणि खिशातून माझं पत्रक काढून आईपुढं ठेवलं. "तुमच्याच पोरीनं लिवलंय. आमी नाय बोलत."

तो गेल्यावर आईनं पत्रक वाचलं. तिला वाचायला वेळ लागतो, ओळीवर बोट ठेवून वाचते. माझ्या ठासून लिहिलेल्या एकुलत्या एका विशेषणावरून तिचं बोट हळूहळू पुढं गेलं.

"आये, खरं सांग. सोडलास अर्धा?"

"सही केलीया मी."

"अगं मला तरी सांग! मी तुझी मुलगी आहे."

"तुला सांगितलं म्हंजे पनवेलच्या स्टँडवर वाटलं." आवाज चढवला नाही तिनं. पत्रकाची घडी घातली आणि ते भांड्यांच्या फडताळात कागद असतात तिथं ठेवून दिलं. दुपारचे सुरुंग उडाले, भांडी आपटली, आणि काका अंगणात पडायला गेला नाही.

तोच आला संध्याकाळी माझ्याजवळ. बांधावर बसलो. म्हणाला, "मी सही मोडतंय. तू मोडू नको." आणि सांगितलं. वार झाला, नवरीच्या गळ्यावर लाल पाक ओतला, नवरा पडला, सगळे पडले, मालिकेचा साहेब ओरडला की झालं, उचला. सगळे उठले, अंगावर माश्या, पाकाला मुंग्या. आई उठेना. ती पाटासमोर तशीच बसलेली. कुणीतरी सांगायला गेलं, बाई, झालं, पाहिजे तेवढं मिळालं. आई म्हणाली, तुमचं झालं, माजा धवला व्हायचा हाय. ऊन उतरत होतं, त्यांना दुसरं काही टिपायचं होतं, साहेब तापला. आईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. 'हाती घे'पासून पुढं धरलं. "पहिल्यांदी कोन उठली म्हाईत हाय? ती नवरीच. कुठली नागपूरकरची पोर, लगीन नाय, काय नाय. गल्याला तो पाक तसाच. येऊन पाटावर बसली. मंग नवऱ्याला बिडी टाकाया लावली. सखू न् बाकी मेलेल्या बायका मागं बसल्या झेलाया. आमी मेलेले बापय तांदूल घेऊन हुबे. अख्खा झाला, पोरी. शेवटच्या तांदलापर्यंत. साहेब घड्याल बघत व्हता, मंग बघायचा थांबला." काकानं नाक ओढलं. "मशीन बंद व्हती. कोनी टिपलं नाय."

मी काय काय लिहिलंय आजवर! मोर्चे पाहिलेत, भाषणं ऐकलीत. पण गळा चिरलेली नवरी परत पाटावर बसली आणि मेलेल्यांनी धवला झेलला, याच्या तोडीचं काही मी पाहिलेलं नाही. आणि हेही पाहिलेलं नाहीच. मी घड्या घालत होते.

माझं पहिलं म्हणणं होतं की दुसरं पत्रक काढू. आई एकच शब्द बोलली, "नको." मग काकानं डोकं चालवलं. "कागदात काय लिवलंय? राजाचं, नवरीचं, कोन मरतं त्यांचं सांगायचं नाय. आपुन मेलो हे सांगाया कुठं बंदी हाय? आपल्याला नाव पन नाय त्यांच्या कागदात." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाजीच्या टेंपोतून कोनला निघालो. मी, काका, सखूवहिनी आणि आणखी आठ. आईला सांगितलं नाही.

हिराआत्या ओटीवर लग्नाचे तांदूळ निवडत होती. किडकिडीत बाई, नाकात मोठी नथ, बोटं थांबत नव्हती.

"कोन तुमी?"

"आमी मेलेली मानसं," काका म्हणाला.

"सकाली सकाली घेतलीस काय रं?"

"नाय आत्या. टीवीतली. मिठागरातली."

तिची नजर माझ्यावर आली. "आन ही?"

"मी जनाबाईची मुलगी. ते पत्रक मी लिहिलंय. त्यातली पुराव्याची ओळ खोटी आहे. मी तिथं नव्हते. मी कुणाला विचारलंही नाही."

"मंग लिवलंस कशाला?"

"राग आला होता."

"राग आला तर मानूस भांडतो. छापतो कशाला?" बाजूला बसलेल्या बायका हसल्या. हे वाक्य वैद्यसरांना मी कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर पत्रक छापायला जाण्याआधी मी दर वेळी एका माणसाशी जाऊन भांडून येते. पत्रकं निम्मी झाली आणि दुप्पट लागली.

हिराआत्यानं सूप बाजूला ठेवलं आणि मेलेल्यांची उलटतपासणी घेतली. धवला कुठून परत धरला? सखूवहिनीनं सांगितलं. मागं झेलायला किती जणी? सात. शेवटाला तांदूळ टाकताना धवलारीण कुठल्या गुडघ्यावर व्हती? "डाव्या," मेलेले दहाच्या दहा जण एकदम म्हणाले, आणि मग स्वतःच दचकले. ते पाठांतर नव्हतं, डोळ्यांनी बघितलेलं होतं.

"तांदूल पडला कोनाच्या डोक्यावर?"

"नवरीच्या."

"जिती व्हती?"

सखूवहिनीनं पदर तोंडाला लावला. काकानं आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते रविवारी सात वाजता कलेल, आत्या."

हिराआत्या त्याच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती नथ हातानं धरून. "अरं मुडद्यांनो! मेल्यावर पन सही पालता!" तिनं आतल्या पोराला हाक मारली, दुसऱ्या धवलारणीला निरोप धाडला की नको, आणि आम्हाला म्हणाली, "जनाला सांगा, रविवारी हलद हाय, टायमात ये. आन तो टीवी मांडवात आनतंय मी. बघू तर, कसे मेलाव ते."

रविवारी कोनच्या मांडवात मालिका लागली. हळदीनं पिवळी झालेली नवरी पहिल्या रांगेत, पाटावर. तिच्यामागं कोन आणि आमचं गाव मिळून तीनशे माणसं. लहान मुलांना हिराआत्यानं आधीच जेवायला पिटाळलं होतं. त्या एका गोष्टीसाठी मी तिला मनातून दंडवत घातला. सखूवहिनीची पाठ दिसली. काकाचं म्हणाल तर एक पाय दिसला, गुडघ्याखालचा. "माजा! माजा पाय!" तो खुर्चीवर उभा राहिला. बाबा पाळी बदलून आले होते, त्यांनी टाळी वाजवली. मग मशाली आल्या आणि आईचा आवाज आला. 'हाती घे'वर तलवार चालली. पडद्यावरची नवरी पाटावर वाकडी झाली, आणि तिथून पुढं नुसतं रक्त, बराच वेळ. त्यांना ते फार आवडलं असावं. इकडची नवरी पांढरी पडली, हळदीतूनही कळत होतं. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं. तिनं पाहिलं म्हणून सगळ्यांनी पाहिलं.

आई हळदीच्या हातांनी मागं बसली होती. ती उठली, पुढं आली, आणि टीव्हीच्या पोराला म्हणाली, "बंद कर तो." त्यानं केला. मग नवरीच्या हनुवटीला पिवळं बोट लावून, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पुढचं उद्या सकाली. टायमात या सगली. ही नवरी जिती हाय."

तीनशे माणसं अशी ओरडली की कोनच्या वरून जाणाऱ्या रस्त्यावर एक गाडी थांबली आणि काय झालं म्हणून कुणीतरी खाली वाकून बघायला लागलं.

आई माझ्याजवळून जाताना थांबली. "तू उद्या माज्या बाजूला बस," म्हणाली. "मागं नाय. बाजूला."

मी बसले. सकाळी धवला सुरू झाल्यापासून शेवटचा तांदूळ पडेपर्यंत मी जागची उठले नाही, पाय बधिर झाले तरी. ती डाव्या गुडघ्यावर होती.